जिलबीला जागा कुठून होते?

मागच्या अंकात मी आम्लपित्तावर लिहिलं आणि टपालात आली ती भुकेची पत्रं. कुणाला फार लागते, कुणाला लागतच नाही, कुणाला रात्री दोन वाजता लागते. म्हणून या वेळचं सदर सगळंच भुकेला दिलं आहे. नेहमीप्रमाणे नावं गाळली आहेत, गाव आणि कामधंदा तेवढा ठेवला आहे. बहुतेक पत्रांत एक वाक्य या ना त्या रूपात होतंच : "माझा जिभेवर ताबा नाही." या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. सांगलीच्या गावभागातल्या माझ्या दवाखान्यात रोज कुणी ना कुणी ते म्हणतं, आणि बहुतेकांना ते घरच्यांनीच पढवलेलं असतं.

प्रश्न : लग्नाच्या जेवणात मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं असं पोट तडस लागेपर्यंत भरतं. उठवत नाही अशी गत होते. तेवढ्यात जिलबीचा दुसरा फेरा येतो आणि चार जिलब्या सहज जातात. ही जागा कुठून होते? मंडळी म्हणतात, तुमची हाव. – विकास सोसायटीचे सचिव, तासगाव तालुका

उत्तर : सचिवसाहेब, वहिनींना हे उत्तर वाचून दाखवा, पण पूर्ण वाचा.

रिकामं जठर जेमतेम मुठीएवढं असतं. घास उतरू लागले की त्याचा वरचा भाग आपोआप सैल पडतो आणि लिटरभर ऐवज मावला तरी आतला दाब फारसा वाढत नाही. भिंती मात्र ताणल्या जातात. तो ताण व्हेगस नावाच्या लांबलचक नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो. या नसेतल्या शंभर तंतूंपैकी साधारण ऐंशी तंतू शरीराची खबर वर मेंदूकडे नेतात, वरून खाली हुकूम आणणारे उरलेले वीस. मेंदू मालक आणि पोट गडी, असं आपण समजतो खरं, पण बोलण्याचं काम जास्त करून पोटच करतं.

दुसरी खबर उशिरा निघते. मसालेभातावरचं तूप आणि वरणातली प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन, थोडक्यात सीसीके, हे हार्मोन सोडतात. त्याने जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो आणि त्याच व्हेगसमार्फत मेंदूला 'आता पुरे' असं कळतं. आणखी खाली, लहान आतड्याच्या शेवटाकडे आणि मोठ्या आतड्यात, पीवायवाय आणि जीएलपी-१ ही आणखी दोन हार्मोन तयार होतात, त्यांचंही सांगणं तेच. हे सगळं नीट जमून यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि आपल्या कार्यालयातली पंगत कशी असते? पुढच्या पंगतीची माणसं तुमच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी असतात, एखादी मावशी तर पर्ससुद्धा टेकवून ठेवते. अशा वेळी सीसीकेची वाट कोण बघतो! तुम्ही हात धुवायला जाता तेव्हा आतड्याचा निरोप कुठे मेंदूच्या वाटेला लागलेला असतो.

आता जिलबी. ऑक्सफर्डमध्ये बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिलं, की जो पदार्थ आपण खातोय त्याचीच गोडी मेंदूत उतरत जाते. न खाल्लेल्या पदार्थाची तितकी उतरत नाही. एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार वेगळ्या सारणांची सँडविच पुढे ठेवली, तर लोकांनी साधारण एक तृतीयांश जास्त खाल्लं. तेव्हा तुमचं पोट भरलं होतं हे खरंच, पण तुमचा कंटाळा तिखटामिठाचा होता. जिलबीची पाटी अजून कोरी होती.

म्हणून माझं मत विचाराल तर जुनी वाढणी बरी होती. जिलबी सुरुवातीलाच पानात यायची, मसालेभाताच्या मध्ये एखादा तुकडा मोडला जायचा, मठ्ठ्याचा घोट व्हायचा. बुफे आल्यापासून गोडाचं टेबल वेगळं, पाणीपुरीचं वेगळं, चायनीजचं वेगळं. प्रत्येक टेबलापाशी जीभ नव्याने सुरुवात करते. तुम्ही एक जिलबी पहिल्या वाढपातच घ्या आणि मागे उभ्या असलेल्या मावशींकडे खुशाल दुर्लक्ष करा. बाकी वहिनींचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. तिसरीनंतरच्या जिलबीला शास्त्राचा आधार पातळ होत जातो.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी वजन ७८ वरून ६७ वर आणलं. रोज पहाटे आमराईत चालणं, भात बंद, साखर बंद. सगळ्यांनी कौतुक केलं. यंदा तेच वजन ७३ झालंय. खरं सांगायचं तर मला आता पूर्वीपेक्षा जास्त भूक लागते. स्टाफरूममध्ये कुणी भडंगाची पुडी सोडली तरी माझं लक्ष तपासायच्या वह्यांवरून उडतं. इतकं करून मी इतकी हलक्या मनाची कशी निघाले? – एक शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी अधोरेखित केलं आहे : 'पूर्वीपेक्षा जास्त भूक लागते.' लागतेच. तुम्ही वर्णन केलंय ते मोजून पाहिलेलं आहे.

मागून सुरुवात करते. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांची एक जात होती, जन्मतःच खादाड आणि बेढब लठ्ठ. १९७०च्या सुमारास डग्लस कोलमन यांनी असा एक लठ्ठ उंदीर आणि एक साधा उंदीर यांचं रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडलं. लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं, वजनही उतरू लागलं. साध्याच्या रक्तात असं काहीतरी होतं जे लठ्ठाच्या रक्तात नव्हतं. ते काय, हे कळायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तो जीन शोधला, त्यापासून बनणाऱ्या हार्मोनला नाव मिळालं लेप्टिन. आणि ते बनतं कुठे? चरबीच्या पेशीत. जिला आपण नुसता साठा समजत होतो ती चरबी मेंदूशी बोलत होती.

चरबी म्हणजे घरातली कणगी धरा. कणगीत धान्य किती उरलंय याची खबर लेप्टिन रोज मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला देतं. खबर चांगली असेल तर मेंदू निवांत. कणगी उतरू लागली की त्याला दुष्काळ दिसतो. तिथे पेशींचे दोन गट आहेत, एक भूक चाळवणारा, एक भूक शमवणारा. लेप्टिन घटलं की पहिला गट जोर करतो, दुसरा गप्प बसतो. शरीर ऊर्जाही जपून खर्च करायला लागतं. तुम्ही हे वजन मधुमेहाच्या भीतीने उतरवलंत की मुलाच्या लग्नाच्या फोटोसाठी, याच्याशी हायपोथॅलॅमसला देणंघेणं नाही. त्याच्या लेखी पाऊस पडलेला नाही.

इथे कुणीही विचारेल, मग लेप्टिनचंच इंजेक्शन द्या की! ज्यांच्यात ते जन्मतःच बनत नाही अशा मोजक्या रुग्णांत त्याचा उत्तम उपयोग होतो. बाकीच्या लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देत नाही. म्हणून त्या वाटेने फारसं काही हाती लागलं नाही.

तुमच्या बाबतीत सगळ्यांत बोलका अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा आहे, २०११ साली प्रसिद्ध झालेला. पन्नास लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. वजन सरासरी साडेतेरा किलो उतरलं. मग वर्षभराने पुन्हा रक्त तपासलं. थोडं वजन परत आलं होतं, तरीही लेप्टिन खालीच होतं, सीसीके आणि पीवायवाय कमी होते, आणि भूक लावणारं घ्रेलिन चढलेलं होतं. हे घ्रेलिन जठरातून सुटतं. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ते शोधलं. त्या माणसांना विचारलं तर भूक जास्त लागते, असंच त्यांनी सांगितलं. म्हणजे वजन उतरवून वर्ष लोटलं तरी आतडं, जठर आणि चरबी मिळून मेंदूला 'खा' म्हणत होती. तुम्ही त्या माणसांसारख्याच आहात, हलक्या मनाच्या वगैरे काही नाही. स्टाफरूममधली भडंगाची पुडी ज्यांना खुणावत नाही, त्यांची इच्छाशक्ती मोठी आहे असं समजू नका. त्यांची कणगी कुणी उतरवलेली नाही, इतकंच.

आता करायचं काय? पहिलं म्हणजे ७३चा आकडा ७८शी ताडून बघा. पाच किलो अजूनही उतरलेलं आहे, मूळ वजनाच्या सहा टक्क्यांहून जास्त. साखर आणि रक्तदाब यांना त्याचा फायदा होतो. भात पूर्ण बंद करू नका; बंद केलेली गोष्ट चौपट आठवते. मात्र ताटातला क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, शेवटी मूठभर भात. प्रथिनं आणि चोथा आधी गेला की साखर एकदम चढत नाही आणि आतड्याला त्याचे निरोप धाडायला वेळ मिळतो. आपल्याकडची हुलग्याची उसळ, माडगं, मटकी, ज्वारीची भाकरी ही या कामाला फार चांगली माणसं आहेत. त्यांतला चोथा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतो, ते त्याची जी आम्लं करतात त्यांनी तिथल्या पेशी पीवायवाय आणि जीएलपी-१ सोडायला उद्युक्त होतात. बिनसाखरेच्या चहावर सकाळ ढकलून अकरा वाजता स्टाफरूममध्ये शिरलात तर भडंगाची पुडी जिंकणारच. सकाळी दोन अंडी किंवा मुगाची धिरडी खाऊन घराबाहेर पडा. आमराई सोडू नका. नुसत्या चालण्याने फार वजन उतरत नाही, पण उतरलेलं टिकवायला चालण्याची मदत मोठी होते.

प्रश्न : आठवड्याला एकदा टोचायचं वजनाचं इंजेक्शन आलंय म्हणे. नणंदेच्या मैत्रिणीने पुण्याहून मागवलंय. घ्यावं का? – मिरज

उत्तर : नणंदेच्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर तर नाहीच.

हे इंजेक्शन जीएलपी-१ची नक्कल आहे, वर सचिवसाहेबांच्या उत्तरात आलंय तेच. आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात एक-दोन मिनिटांत मोडतं. ते मोडणारं एक एन्झाइम असतं. (मधुमेहाच्या बऱ्याच रुग्णांच्या डब्यात 'ग्लिप्टिन'ने संपणारी एक गोळी असते, ती याच एन्झाइमला अडवते.) न मोडणारी नक्कल शोधण्याची वाट एका विषारी सरड्याने दाखवली. अमेरिकेच्या वाळवंटातल्या या हीला मॉन्स्टरच्या लाळेत तसा पदार्थ जॉन इंग यांना सापडला आणि त्यावरून केलेलं पहिलं औषध २००५ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागायचं. आताचं सेमाग्लुटाइड रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा घेतं. जठर सावकाश रिकामं होतं, मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांवर परिणाम होतो. माझे रुग्ण सांगतात, "मॅडम, डोक्यातलं खाण्याचं चक्र थांबलं." खोटं नाही ते.

पण मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ होतात. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल किंवा घरात थायरॉइडच्या एका विशिष्ट कॅन्सरचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. चरबीबरोबर स्नायूही उतरतात. आणि थांबवल्यावर? मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाच्या दोन तृतीयांश वजन परत आलं. कारण वरच्या उत्तरातली कणगी. मधुमेह आहे, वजन बरंच जास्त आहे, गुडघे किंवा झोपेतला श्वास त्याने बिघडलाय, अशांसाठी हे औषध मोलाचं आहे आणि मी ते देते. लग्नाच्या शालूसाठी देत नाही.

प्रश्न : साखर कारखान्यात आहे. हंगामात रात्रपाळी आली की पहाटे तीनला भुकेने जीव कासावीस होतो. घरून जेवून निघालेलो असतो. हंगाम संपेपर्यंत चार-पाच किलो वाढतात. – वाळवा तालुका

उत्तर : माझ्याकडे बॉयलरवर काम करणारे एक दादा येतात, त्यांची हीच तक्रार होती. मी त्यांना रात्रीचा डबा जसाच्या तसा घेऊन यायला सांगितलं आणि टेबलावर उघडायला लावला. खालच्या पुडात दोन चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी, वरच्यात साखर घातलेला शिरा, बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत फरसाण. शिवाय कँटीनचा चहा, तो मोजायचा नाही असं त्यांचं म्हणणं. मी मोजला. पाळीत पाच कप होत होता, प्रत्येक कपात दोन चमचे साखर.

शिकागो विद्यापीठात २००४ साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या दिवसांशी ताडून पाहिलं तर लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलेलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलेलं. भूक वाढली ती विशेषकरून गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची, म्हणजे शिरा आणि फरसाण! रात्रपाळी करून सकाळी आठला झोपायला जाणारा माणूस, बाहेर कुकरच्या शिट्ट्या, ट्रॅक्टरवर लावलेली गाणी, त्यात किती झोपणार? भूक तुमच्या पोटात लागत असली तरी तिचं एक मूळ उशाशी आहे.

घ्रेलिनची आणखी एक खोड म्हणजे ते नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं. रोज तीनला खाल्लंत तर अडीचपासून बोलावणं येणारच. म्हणून ती वेळ निवडा आणि तुम्हीच ठरवा काय खायचं ते. पाळीच्या सुरुवातीला नीट जेवण, मध्यरात्रीनंतर उकडलेली अंडी, मूठभर भाजके शेंगदाणे, ताक, नाहीतर घट्ट पिठलं-भाकरी. चहा दोनदा, साखर अर्धी. दिवसा खोली अंधारी करा आणि घरच्यांना स्पष्ट सांगा की दोनपर्यंत उठवायचं नाही. एक गोष्ट मात्र वेगळी : मधुमेहाची गोळी चालू असेल आणि भुकेबरोबर दरदरून घाम, हातांना थरथर येत असेल, तर ती साखर उतरल्याची खूण आहे. तेव्हा ताबडतोब साखर-पाणी घ्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : मामंजी ७९ वर्षांचे आहेत. अर्धी भाकरी खाऊन ताट सारतात, 'भूकच नाही' म्हणतात. सदरा खांद्यावरून उतरायला लागलाय. सासूबाई म्हणतात, म्हातारपणी असंच असतं. – एक सून, विटा

उत्तर : ताई, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. वय झालं की जठर सावकाश रिकामं होतं, वरचा भाग पहिल्यासारखा सैल पडत नाही, सीसीके वाढलेलं राहतं. त्यामुळे चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. वास आणि चव मंदावतात. पण सदरा खांद्यावरून उतरणं हे वयावर ढकलायचं नाही. सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं, तर तपासणी झालीच पाहिजे. साठ किलोच्या माणसात तीन किलो म्हणजे ही रेषा आली.

दवाखान्यात जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्यासुद्धा. मधुमेहाची मेटफॉर्मिन, हृदयाची डिगॉक्सिन, लोहाच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक्स भूक मारतात. कवळी लागते का, तोंडात छाले आहेत का, गिळताना अडकतं का, हे विचारा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, किडनी आणि छातीचा एक्स-रे एवढं तरी होऊ द्या. क्षयरोग आपल्याकडे अजून आहे. आणि एक प्रश्न जो घरात कुणी विचारत नाही : जोडीचे मित्र गेलेत का, पारावर जाणं बंद झालंय का? उदास माणसाची भूक सगळ्यांत आधी जाते.

तोवर घरी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. भाकरी दुधात कुस्करून वर तूप, भाजीत शेंगदाण्याचा कूट, मऊ खिचडी, अंडं चालत असेल तर अंडं. जेवणाआधीचा चहा बंद. त्या कपभर चहाने आणि दोन खारींनी अर्ध्या भाकरीची जागा घेतलेली असते. आणि त्यांचं ताट वेगळं वाढून खोलीत नेऊन ठेवू नका. माणसं सोबतीला असली की जास्त जेवतात, कुठल्याही वयात. नातवाला शेजारी बसवा.

प्रश्न : वर्गात शांतता असली की माझं पोट मोठ्याने गुरगुरतं आणि सगळे हसतात. मी डबा खाऊनच वर्गात बसते. काही आजार आहे का? – इयत्ता नववी, कवठेमहांकाळ

उत्तर : आजार नाही गं. रिकाम्या जठरात आणि आतड्यात साधारण दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक जोरदार लाट येते आणि मागे राहिलेलं खरकटं पुढे ढकलते. आत द्रव आणि हवा असते, म्हणून आवाज होतो. पोट भरलेलं असताना मोठे आवाज येतात ते पचनाचे असतात, तेही चालतं.

तुझ्या आधी याचा छडा लावायला एका विद्यार्थ्याने फुगा गिळला होता. १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांच्या हाताखालच्या वॉशबर्न यांनी. फुगा जठरात जाऊन बसला, नळी बाहेरच्या यंत्राला जोडली आणि भुकेची कळ आली की ते खूण करायचे. कळा आणि जठराची आकुंचनं एकाच वेळी नोंदली गेली. भूक म्हणजे जठराचं आवळणं, असं तेव्हा ठरून गेलं. पुढे जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते असं दिसलं, तेव्हा ते सगळं पुन्हा विचारात घ्यावं लागलं.

डबा सावकाश खा, बोलत बोलत खाल्लं की हवा जास्त गिळली जाते. पोटात दुखत असेल, जुलाब होत असतील किंवा वजन घटत असेल तर आईला सांग. नसेल तर शेजारच्या बाकावर बसणारीच्या पोटाला कान लाव, तिचंही गुरगुरतंय.